इंजिन ऑइलची किरकोळ गळती : दुरुस्ती कधी करावी आणि कधी नुसते लक्ष ठेवावे

गाडी रात्रभर उभी होती त्या जागी सकाळी काळपट तेलाचा डाग दिसला, की गाडीचा मालक बहुधा दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर तो घाबरून त्याच दिवशी इंजिन उघडायला लावतो, किंवा ‘जुन्या गाडीला एवढे तेल सुटायचेच’ असे म्हणून डागाकडे कायमचा कानाडोळा करतो. दोन्ही निर्णय डागाच्या आकारावरून घेतलेले असतात, आणि डागाचा आकार हा या बाबतीत सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे. तेल नेमके कोठून येते, गळून कशावर पडते, किती वेगाने कमी होते आणि गळतीच्या जागेपर्यंत पोहोचायला किती खोलाखोल करावी लागते, या चार प्रश्नांची उत्तरे हाती आल्याशिवाय दुरुस्तीचा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ही उत्तरे कशी मिळवायची, हे पुढे क्रमाने दिले आहे.

डाग कसा फसवतो, हे आधी साध्या हिशेबाने पाहू. तेलाचा एक थेंब ढोबळमानाने एका मिलिलिटरचा विसावा भाग असतो. म्हणजे रात्रभरात दहा थेंब पडले, तर अर्धा मिलिलिटर तेल गेले आणि महिनाभर हेच चालले, तर साधारण पंधरा मिलिलिटर. बहुतेक मोटारींत डिपस्टिकवरच्या (तेलाची पातळी मोजण्याच्या पट्टीवरच्या) किमान आणि कमाल खुणांमधील अंतर सुमारे एक लिटर तेलाचे असते. त्या मानाने पंधरा मिलिलिटर डिपस्टिकवर दिसणारही नाहीत. गुळगुळीत फरशीवर मात्र तेच दहा थेंब पसरून चांगला तळहाताएवढा डाग तयार करतात. याच्या उलट, इंजिन चालू असताना तेल तापून पातळ झालेले असते आणि पंपाच्या दाबाखाली असते, त्यामुळे काही जागांची गळती केवळ गाडी धावत असतानाच होते. ते तेल वाऱ्याने मागे उडते किंवा एक्झॉस्टवर पडून जळते, आणि सकाळी जमीन कोरडी ठणठणीत दिसते. मोठा डाग निरुपद्रवी असू शकतो आणि डाग मुळीच नसतानाही इंजिन तेल गमावत असू शकते.

सर्वांत आधी तेलाची पातळी

डाग दिसल्यावर पहिले काम म्हणजे वाकून गाडीखाली पाहणे नव्हे, तर बॉनेट उघडून डिपस्टिक पाहणे. गाडी सपाट जागी उभी असावी. इंजिन गरम असेल, तर ते बंद करून पाच ते दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले तेल खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाशी तेल साठते त्या भांड्यात, उतरते. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पातळी वाचावी. काही गाड्यांच्या पुस्तिकेत थंड इंजिनावर मोजण्यास सांगितलेले असते. तसे असेल तर तेच करावे. महत्त्वाचे हे, की प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने मोजावे, अन्यथा दोन नोंदींची तुलना करण्यात अर्थ राहत नाही.

पातळी किमान खुणेच्या खाली असेल, तर गळतीचा शोध नंतर. आधी योग्य ग्रेडचे तेल थोडे थोडे घालून पातळी दोन खुणांच्या मध्ये आणावी. गळतीच्या भीतीने कमाल खुणेच्या वर तेल भरून ठेवण्याची सवय अनेकांना असते, आणि ती घातक आहे. तेल फार झाले की फिरणारा क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य शाफ्ट) ते घुसळतो, त्यात हवा मिसळून फेस होतो, फेसाळ तेल बेअरिंगना नीट वंगण देऊ शकत नाही आणि आतला दाब वाढून ते ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रिंग) व ब्रीदरमधून (इंजिनातील वायू जाण्याच्या वाटेतून) बाहेर पडू लागते. गळतीवरचा हा उपाय गळती वाढवतो.

डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर या लेखातील पुढचे काहीही लागू होत नाही. तो दिवा सामान्यतः पातळीचा नसून दाबाचा असतो, आणि तो लागतो तेव्हा बेअरिंगपर्यंत तेल पोहोचणे कदाचित थांबलेले असते. सुरक्षित जागा पाहून इंजिन ताबडतोब बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.

गळणारे द्रव इंजिन ऑइलच आहे का

रात्री गाडीखाली पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा तुकडा पसरावा आणि चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलने खुणा करून ठेवाव्यात. सकाळी थेंबांचा रंग आणि त्यांची जागा दोन्ही कळतात. इंजिन ऑइल नवे असताना मधाच्या रंगाचे, वापरल्यावर तपकिरी ते काळे असते. डिझेल इंजिनात ते बदलल्यानंतर लवकरच काळे पडते. लालसर द्रव बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे किंवा पॉवर स्टिअरिंगचे असते. हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी, पाण्यासारखे पातळ आणि गोडसर वासाचे असेल तर ते कूलंट समजावे. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. एसीचे पाणी निव्वळ पाणी असते आणि त्याची चिंता करू नये. चाकाच्या आतल्या बाजूस किंवा ब्रेक पेडलच्या भागात रंगहीन ते पिवळसर, निसरडे द्रव आढळले तर ते ब्रेक ऑइल असण्याची शक्यता असते. तशी शंका आल्यास गाडी चालवूच नये.

याच टप्प्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा : गळती तेल बदलल्यानंतर लगेच सुरू झाली आहे का? तसे असेल तर तीन साधी कारणे आधी तपासावीत. फिल्टर काढताना सांडलेले तेल खालच्या पत्र्यावर साचून काही दिवस ठिबकत राहते. ड्रेन बोल्टचा जुना, चेपलेला वॉशर पुन्हा वापरला गेला, तर तेथून पाझर सुरू होतो. तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसवला जातो. अशा दोन रिंगांमधून सुरुवातीला थोडे तेल येते, पण एखाद्या क्षणी दाबाने रिंग सरकून इंजिनातील सगळे तेल काही मिनिटांत रस्त्यावर येऊ शकते. म्हणून फिल्टरभोवतीचा ओलावा कधीही ‘किरकोळ’ मानू नये.

उगम शोधणे

या कामावर जितका वेळ घालवाल तितका तो पुढे वाचतो, म्हणून येथे घाई करू नये. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे थेंब जेथे पडतो ती जागा आणि तेल जेथून निघते ती जागा यांत बरेच अंतर असू शकते. नियम असा, की ओला असलेला सर्वांत उंचावरचा आणि सर्वांत पुढचा भाग शोधावा. उगम तेथे किंवा त्याच्या किंचित वर असतो.

वर्षानुवर्षे साचलेल्या तेलकट धुळीच्या थरात मात्र हा नियम वापरता येत नाही, कारण सगळेच ओले दिसते. म्हणून इंजिन आधी स्वच्छ करावे. इंजिन पूर्ण थंड असताना डिग्रीझर फवारून ब्रशने घासावे आणि फडक्याने पुसावे किंवा हलक्या धारेने धुवावे. अल्टरनेटर, हवेचा फिल्टर आणि विजेच्या जोडण्या प्लॅस्टिकने झाकाव्यात. जोरदार फवाऱ्याचे पाणी जोडण्यांत शिरले तर नवीनच दुखणे मागे लागते. इंजिन सुकल्यावर संशयित सांध्यांभोवती टाल्कम पावडरचा पातळ थर उडवावा, पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवावी आणि इंजिन हात लावण्याइतके निवल्यावर विजेरी घेऊन पाहावे. ताज्या तेलाची रेघ पांढऱ्या पावडरीत उठून दिसते. हात किंवा डोके पोहोचत नाही अशा मागच्या बाजूसाठी लहान आरसा अथवा फोनचा कॅमेरा पुरेसा होतो.

एवढे करूनही उगम सापडला नाही, तर तेलात मिसळायचा अतिनील रंग वापरावा. तो तेलात घालून काही तास गाडी चालवल्यानंतर अतिनील विजेरीच्या प्रकाशात गळतीची वाट पिवळट-हिरवी चमकते. पद्धत साधी आहे, आणि गिअरबॉक्स उतरवण्यासारख्या मोठ्या कामाआधी ती करून पाहावीच, असा माझा आग्रह आहे.

या आग्रहामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्या एका गाडीच्या बेल हाउसिंगखालून (इंजिन व गिअरबॉक्स यांमधील, क्लच झाकणाऱ्या आवरणाखालून) तेल ठिबकत होते आणि एका गॅरेजमध्ये क्रँकचा मागचा ऑइल सील गेल्याचे निदान झाले होते. ते काम म्हणजे गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवणे. काम देण्याआधी इंजिन धुऊन पावडर लावली, तेव्हा ओलाव्याची रेघ टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून सुरू होऊन ब्लॉकच्या पाठीवरून थेट बेल हाउसिंगवर उतरलेली दिसली. एक पॅकिंग बदलले आणि गळती थांबली. ही चूक फार सर्रास होते, कारण मागच्या सीलचे तेल आणि टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्याचे तेल अखेर एकाच ठिकाणी ठिबकते.

गाडीखाली जायचे असेल, तर ती नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. भक्कम स्टँड लावून, हँडब्रेक ओढून आणि चाकांना अडथळे लावूनच खाली शिरावे. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून हात व सैल कपडे त्यापासून दूर ठेवावेत.

नेहमीच्या उगमस्थानांची ओळख असली की शोध सोपा होतो. वरून सुरुवात केली तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग प्रथम येते. त्याचे रबर उष्णतेने वर्षांनुवर्षे भाजून कडक होते आणि कोपऱ्यांतून तेल सुटू लागते. त्याच कव्हरमधील स्पार्क प्लगच्या नळ्यांचे सील गेले, तर तेल बाहेर न दिसता प्लगच्या विहिरीत साचते आणि इंजिन अडखळू लागते. ऑइल प्रेशर स्विच हा लहानसा भाग गळू लागला की तेल त्याच्या विजेच्या जोडणीतही शिरते. फिल्टर ज्यावर बसतो त्या बैठकीचे किंवा ऑइल कूलरचे पॅकिंग दाबाखालच्या तेलाला अडवत असते, त्यामुळे तेथील गळती लवकर वाढते. पुढच्या बाजूस क्रँक आणि कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचे) सील व टायमिंग कव्हर, तळाशी चेंबरचे पॅकिंग व ड्रेन बोल्ट आणि पाठीमागे क्रँकचा मागचा सील. टर्बो असलेल्या इंजिनांत टर्बोला तेल नेणाऱ्या व परत आणणाऱ्या नळ्याही पाहाव्यात. चेंबर गळतो असे वाटले, तर वरचे सर्व कोरडे असल्याची खात्री करूनच त्याला दोष द्यावा, कारण सगळ्यांचे तेल शेवटी त्याच्याच कडेवरून ठिबकते.

ब्रीदर तपासल्याशिवाय सील बदलू नये

पिस्टन रिंगांच्या फटींतून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतो. ब्रीदर आणि त्याचा व्हॉल्व्ह (ज्याला पीसीव्ही म्हणतात) हा वायू पुन्हा इनटेककडे (इंजिनात हवा येण्याच्या वाटेकडे) नेतो. हा मार्ग काजळीने किंवा चिकट गाळाने तुंबला, की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि तो जो सांधा सर्वांत अशक्त असेल तेथून तेल बाहेर ढकलतो. अनेक जागा एकाच वेळी ओल्या झाल्या असतील, किंवा बदललेला सील काही महिन्यांतच पुन्हा गळू लागला असेल, तर संशय प्रथम ब्रीदरवर घ्यावा.

साधी चाचणी अशी : इंजिन सावकाश चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण हळूच सैल करावे आणि तोंडावर कागद धरावा. काही इंजिनांत तेथून तेलाचे शिंतोडे उडतात, म्हणून चेहरा दूर ठेवावा. पेट्रोल इंजिनात कागद किंचित आत ओढला गेला, तर ब्रीदर बहुधा ठीक आहे. कागद जोराने उडत असेल किंवा धुराचे झोत येत असतील, तर मार्ग तुंबला आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. डिझेल इंजिनात थोडे फुसफुसणे स्वाभाविक असते, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. ब्रीदरची नळी व व्हॉल्व्ह साफ करणे किंवा बदलणे हे बहुतेक गाड्यांत लहान काम असते, आणि कधी कधी तेवढ्यानेच पाझर आटोक्यात येतो. रिंगा झिजल्या असतील, तर मात्र नव्या पॅकिंगकडून फार अपेक्षा ठेवू नये.

तेल कशावर पडते

माझ्या दृष्टीने निर्णयातील हा सर्वांत वजनदार प्रश्न आहे, कारण येथे थेंबांच्या संख्येला महत्त्व राहत नाही.

तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) किंवा टर्बोवर पडत असेल, तर दुरुस्ती लांबवू नये. इंजिन ऑइलच्या वाफा साधारण 200 ते 230 अंश सेल्सिअसच्या आसपास ज्वाळेने पेट घेऊ शकतात, आणि चढावर किंवा दीर्घ वेगवान प्रवासात एक्झॉस्टचे तापमान 500 अंशांच्याही वर जाते. प्रत्येक थेंबाने आग लागते असे नाही. बहुतेक वेळा नुसता धूर निघतो आणि जळक्या तेलाचा वास येतो. पण तो वास गाडीच्या आत येऊ लागला असेल, तर ती सूचना मानावी आणि दूरचा प्रवास पुढे ढकलावा.

टायमिंग बेल्टवर (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या पट्ट्यावर) तेल पडणे तितकेच गंभीर आहे. उघड्यावर चालणाऱ्या कोरड्या बेल्टचे रबर तेलाने फुगते, मऊ पडते आणि दात सुटू शकतात. बेल्ट घसरला किंवा तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि क्षुल्लक सीलपायी पूर्ण इंजिन उघडावे लागते. त्यामुळे कॅम किंवा क्रँकच्या पुढच्या सीलचे तेल बेल्टच्या कव्हरमध्ये आढळले, तर ते दोन थेंब असले तरी काम हाती घ्यावे आणि भिजलेला बेल्टही बदलावा.

मागच्या सीलचे तेल क्लच प्लेटपर्यंत पोहोचले की क्लच घसरू लागतो किंवा गाडी सुरू होताना हिसके बसतात. इंजिनाला आधार देणारी रबरी माउंटिंग आणि पाण्याच्या नळ्या सतत तेलात भिजत राहिल्या, तर त्या मऊ होऊन फुगतात. अल्टरनेटरवर ठिबकणारे तेल त्याचे आयुष्य कमी करते. दुचाकीच्या बाबतीत तर वेगळा विचार करावाच लागतो : तेल मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर जाण्याची शक्यता असेल, तर गाडी तशी चालवू नये. वळणावर टायरला लागलेल्या तेलाचा परिणाम सावरायला वेळ मिळत नाही. शिवाय दुचाकीत एकूण तेलच बहुधा एक-दोन लिटरच्या आसपास असते, म्हणून तेथे थोडी घटही मोठी ठरते.

या उलट तेल ब्लॉकच्या बाजूवरून ओघळून चेंबरवर येत असेल आणि वाटेत काहीही नाजूक नसेल, तर घाईचे कारण नाही.

घटीचा वेग मोजणे

एक लहान वही गाडीत ठेवावी. तिच्यात तारीख, किलोमीटर, डिपस्टिकवरची पातळी आणि वरून घातलेले तेल एवढेच लिहावे. दर 500 किलोमीटरला किंवा दर पंधरवड्याला, जे आधी येईल तेव्हा, नोंद करावी. हजार-दोन हजार किलोमीटरनंतर अंदाजाची जागा आकडा घेतो.

आकडा वाचताना एक भान ठेवावे. इंजिन थोडे तेल आतही जाळते, आणि काही उत्पादकांच्या पुस्तिकांत 1000 किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप मान्य धरलेला असतो. म्हणून पातळी भराभर उतरते पण इंजिन बाहेरून जवळजवळ कोरडे आहे आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, असे असेल तर दोष बाहेरच्या पॅकिंगचा नसून रिंगांचा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा असतो. तेथे टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलून काही साधणार नाही.

बाहेरची गळती हेच कारण आहे असे ठरल्यावर मी स्वतः पुढील मोजमाप वापरतो. एका ऑइल बदलापासून दुसऱ्यापर्यंत पातळी दोन खुणांच्या मध्येच राहते आणि वरून तेल घालावे लागत नाही, तेव्हा तो पाझर आहे, लक्ष ठेवावे. दोन बदलांच्या दरम्यान एखादा लिटर घालावा लागत असेल, तर दुरुस्तीची तारीख ठरवावी, पण पुढच्या मोठ्या कामाची वाट पाहण्यास हरकत नाही. हजार किलोमीटरमध्येच डिपस्टिकवरचे अर्धे अंतर रिकामे होत असेल, तर वाट पाहू नये. आणि वेग कितीही असो, गेल्या महिन्यात नुसती ओलसर असलेली जागा या महिन्यात ठिबकू लागली, तर तो बदलच दुरुस्तीचे पुरेसे कारण समजावा.

निर्णय

आता चारही उत्तरे एकत्र ठेवावीत. ज्या जागी सहज हात पोहोचतो, तेथे गळती किती आहे याचा विचारही करू नये. दुरुस्त करून टाकावे. ड्रेन बोल्टचा वॉशर, फिल्टर, प्रेशर स्विच, डिपस्टिकच्या नळीची किंवा भरण्याच्या झाकणाची रिंग आणि बहुतेक गाड्यांतील टॅपेट कव्हर या वर्गात येतात. त्यांचे काम लहान असते, आणि ती जागा कोरडी झाली की दुसरीकडची गळतीही स्पष्ट दिसू लागते.

खोलवरच्या जागांसाठी कामे जोडून घेणे शहाणपणाचे आहे. मागच्या सीलमधून नुसता पाझर असेल आणि क्लच घसरत नसेल, तर क्लच बदलण्याची वेळ येईपर्यंत थांबावे. गिअरबॉक्स तेव्हा उतरणारच असतो आणि सील त्या कामात बदलून मिळतो. त्याचप्रमाणे टायमिंग बेल्टचे काम निघाले, की पुढचे क्रँक व कॅम सील कोरडे असले तरी बदलून घ्यावेत. काही गाड्यांत चेंबर काढण्यासाठी इंजिन उचलावे किंवा सबफ्रेम (खालची आधाराची चौकट) सोडावी लागते. तेथे माउंटिंग बदलण्याचा योग येईपर्यंत थांबता येते.

हेड गॅस्केटच्या (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरील हेड यांमधील पॅकिंगच्या) रेषेवर बाहेरून ओलावा दिसला, तर कूलंटची पातळी तेलासोबत नोंदवावी. कूलंट कमी होत असेल, त्यात तेलाचा तवंग असेल किंवा डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसत असेल, तर तो किरकोळ विषय राहिला नाही. केवळ भरण्याच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून मात्र घाबरू नये; थंड हवेत सतत लहान अंतर चालणाऱ्या गाडीत ओलावा साठूनही ती येते.

गाडी वॉरंटीत असेल, तर साधा ओलावाही लगेच लेखी नोंदवून घ्यावा. जेथे वाहनाची ठरावीक काळाने सक्तीची तपासणी होते, तेथील नियम पाहावेत, कारण ठिबकती गाडी अशा तपासणीत अडू शकते. गाडी लवकरच मोडीत काढायची असेल आणि तेल धोक्याच्या जागी पडत नसेल, तर पातळी सांभाळून ती तशीच वापरणे हाही योग्य निर्णय आहे. अशा वेळी उभ्या जागी खाली पसरट ट्रे ठेवावा, म्हणजे तेल पावसाच्या पाण्याबरोबर गटारात व जमिनीत जाणार नाही. साचलेले तेल वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या ठिकाणी द्यावे.

बाटलीतील उपाय आणि आवळण्याचा मोह

गळती थांबवणारी रसायने मुख्यतः कडक झालेले रबर मऊ करून किंचित फुगवतात. त्यामुळे वयाने आखडलेल्या क्रँक सीलचा पाझर काही शे किलोमीटरनंतर कमी होऊ शकतो. फाटलेले पॅकिंग, सैल बोल्ट, चिरलेला चेंबर किंवा फिरत्या शाफ्टवर पडलेली खाच यांवर त्यांचा काहीही उपयोग नाही. वापरायचेच असेल, तर ते एकदाच, सांगितलेल्या प्रमाणात आणि मागच्या सीलसारख्या अवघड जागेसाठी वापरावे. जुन्या इंजिनांसाठी मिळणाऱ्या ‘हाय मायलेज’ तेलांत अशीच द्रव्ये सौम्य प्रमाणात असतात आणि मला तो मार्ग अधिक सुरक्षित वाटतो. पुस्तिकेत मान्य नसलेले जाड तेल घालू नये. थंड इंजिन सुरू होताना ते वर पोहोचायला उशीर लावते.

पॅकिंगचे बोल्ट सैल असतील, तर ते ठरवलेल्या टॉर्कपर्यंत (आवळण्याच्या जोरापर्यंत) आवळणे योग्य आहे. त्यापुढे आवळल्यास पॅकिंग चेपून बाहेर येते, पत्र्याचे कव्हर वाकते किंवा ॲल्युमिनियममधील आटे निघतात. टॅपेट कव्हरच्या बोल्टांना बहुतेक गाड्यांत सुमारे दहा न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क लागतो, आणि मनगटाच्या अंदाजाने तो फार सहज ओलांडला जातो. बाहेरून सिलिकॉन थापणे हा उपाय नाही. तेलकट पृष्ठभागावर ते चिकटत नाही.

दुरुस्ती करताना आणि नंतर

पॅकिंग बदलताना दोन्ही पृष्ठभाग पूर्ण कोरडे व स्वच्छ हवेत. ॲल्युमिनियमवर धारदार पोलादी पाते चालवू नये. त्याचा ओरखडाच पुढे गळतीची वाट होतो. सिलिकॉन फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या कोपऱ्यांत पातळ लावावे, कारण जास्तीचे आत गळून पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकते. ते सुकण्यासाठी सांगितलेला वेळ दिल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करून, टॉर्क रेंचने आवळावेत. क्रँकचा सील बदलताना जुन्या सीलने शाफ्टवर खाच पाडली आहे का, हे नखाने तपासावे. खाच लागत असेल, तर नवा सील जागा असल्यास किंचित पुढे-मागे बसवावा किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी, नाहीतर नवा सीलही तेथूनच गळेल. काम दुसऱ्याकडून करून घेत असाल, तर काढलेला जुना सील किंवा पॅकिंग पाहायला मागावे आणि ब्रीदर तपासला का, हे विचारावे.

दुरुस्तीनंतर जुने तेल कडाकपारींतून काही दिवस ठिबकत राहते, म्हणून इंजिन पुन्हा पुसून घेतल्याशिवाय काम फसले असे ठरवू नये. पहिली पाहणी पंधरा मिनिटे इंजिन चालवून, दुसरी पन्नास किलोमीटरनंतर आणि तिसरी 500 किलोमीटरनंतर करावी. प्रत्येक वेळी डिपस्टिकची नोंद त्याच वहीत, त्याच पद्धतीने घ्यावी. दुरुस्ती न करता लक्ष ठेवायचे ठरले असेल, तर ही वही चालूच ठेवावी, महिन्यातून एकदा विजेरीने ओल्या जागेची सीमा किती सरकली ते पाहावे आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी पातळी तपासून त्याच ग्रेडचे एक लिटर तेल डिकीत ठेवावे.